नटांवरची लाल रेघ

शर्यतीच्या ट्रॅकवर सोडण्याआधी गाड्यांची तपासणी होते. त्या रांगेत माझ्यापुढे एक मेहुणा आणि त्याचे दाजी आपल्या गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते.

"दाजी, या नटांवर लाल रेघ कुणी मारली?"

"तूच. नट आवळून झाला की खूण म्हणून रेघ मारायची, हे तूच शिकवलंस ना मला?"

"मी पांढरी मारतो. आणि हे चाक तुमच्याकडे होतं."

"माझ्याकडे? मला वाटलं तू आवळलंस, म्हणून मी जॅक काढला."

"म्हणजे दोघांनीही नाही आवळलं?"

"मग नक्की कुणीतरी हात लावलाय. तो निळ्या गाडीवाला काल आपल्या गॅरेजमध्ये उगाच घुटमळत होता. नट सैल केले असणार त्याने. पाना लाव बरं."

"हलत नाहीये. चांगला घट्ट आहे."

"मग तर मला जास्तच संशय येतोय. फुकटात कोण कुणाचं भलं करतं?"

"दाजी, हा रंग नाही. नेलपॉलिश आहे."

"नेलपॉलिश?"

"आज निघताना ताईची नखं बघितलीत?"

"नाही रे. गाडीवरून भांडण झालंय. मीच म्हणालो, तुला यातलं काय कळतं."

तेवढ्यात तपासनीस आला. चाकाशी वाकला, पाना लावून पाहिला.

"उत्तम. कुणी आवळलं?"

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं.

"आमच्या हिने."