खजिन्यात बोलत राहायचं

फिनहास: हात वर करा. बाह्या झटका. झग्याच्या काठात काय आहे?

हिल्कीया: काठच नाही, फिनहास. बायकोनं काल उसवून टाकला. पायात वहाण नाही, केस विंचरलेत. आता कानात बोट घालून बघणार आहेस का?

फिनहास: सांगितलं तर तेही बघेन. मंदिराचा पैसा आहे, कुणाच्या सासऱ्याचा नाही. मला इथं पहाऱ्याला ठेवलंय ते माश्या मारायला नव्हे.

योएझर: पुरे रे. हिल्कीया, मी इतकी वर्षं या खजिन्याचा कारभार बघतोय, तरी प्रत्येकाला सांगतो, तुलाही सांगतो. आत पाऊल टाकल्यापासून बाहेर येईपर्यंत तोंड चालू राहिलं पाहिजे. काय वाटेल ते बोल, पण थांबू नकोस.

फिनहास: तोंडात नाणं धरून बोलता येत नाही ना, म्हणून! पण यांना कशाला सांगताय, काका? यांच्या घराण्याला हा नियम चांगला पाठ असेल.

हिल्कीया: माझ्या बाबांना आत ठसका लागला होता, म्हणून आवाज थांबला.

फिनहास: हो, लोकही तसंच म्हणतात. हसत हसत म्हणतात.

योएझर: फिनहास! त्या दिवशी झडती मी घेतली होती. काही सापडलं नाही.

फिनहास: गिळलं असेल, असंही म्हणतात.

हिल्कीया: मरेपर्यंत त्यांनी हेच ऐकलं. बाजारात अंजीर घ्यायला उभे राहिले की माणसं पाठीमागं मुद्दाम खोकायची. आणि काका, आज आत जाऊन तीन टोपल्या भरायला तुम्ही नेमकं माझंच नाव सुचवलंत! आज माझा आवाज बंद पडला तर आमच्या घरातल्या कुणाला या पायरीवर उभं करतील का कुणी?

योएझर: म्हणूनच सुचवलं. एकदा बोलत आत जा, बोलत बाहेर ये. आपोआप तोंडं बंद होतील. शिवाय तू लहानपणापासून बडबड्या. घरी कसं आहे?

हिल्कीया: सुईण पहाटेच आली. लेकीची, केझीयाची पहिली वेळ आणि मूल आडवं आलंय. माझा पाय निघेना. तर पोरगी मलाच म्हणते, "बाबा, आज अडखळू नका हं." स्वतः कळा सोसतेय आणि बापाला बजावतेय!

योएझर: तुझीच लेक ती. चल, वल्हांडणाचा सण तोंडावर आलाय, खोळंबा नको. रिवाजाप्रमाणे परवानगी विचार.

हिल्कीया: उचलू का?

योएझर: उचल, उचल, उचल.

(हिल्कीया आत जातो. पुढे त्याचा आवाज दाराआडून येतो.)

हिल्कीया: आलो आत. बापरे, केवढा हा ढीग! सगळी अर्ध्या शेकेलची नाणी, माणशी एक. श्रीमंताचाही अर्धा, हमालाचाही अर्धा, आणि इथं कोणता कुणाचा ते देवच जाणे. काका, काहीतरी विचारा.

योएझर: काल काय जेवलास?

हिल्कीया: मसूर. परवाही मसूर. बायको लेकीच्या उशाशी बसलीये, मला कोण विचारतंय? पहिली टोपली भरली. उरलेल्या ढिगावर कातडं पसरतोय, दुसरी टोपली वरच्या नव्या नाण्यांतून भरायची. ऐकतोयस ना, फिनहास?

फिनहास: ऐकतोय. थांबू नका.

हिल्कीया: थांबलो कुठं? दुसरी घेतली. दाराशी कोण आलं रे? पळत आल्यासारखं वाटलं.

फिनहास: तुमच्या जावयाचा भाऊ आहे. काकांच्या कानात काही सांगतोय.

हिल्कीया: कानात? तो? अरे, तो घरात बोलला तर पार ओफेल टेकडीच्या उतारावर ऐकू जातं. काय म्हणतोय, काका? दुसरी भरत आली. काका? अहो, गप्प मी व्हायचं नाही, तुम्ही का झालात?

योएझर: मुलगा झाला.

हिल्कीया: मुलगा! रडला का?

योएझर: रडला. खणखणीत रडला.

हिल्कीया: देवा, तुझे उपकार! मग बोलायला एवढा वेळ कसला लावलात? आणि केझीया?

योएझर: दुसरी भरली का?

हिल्कीया: केझीया कशी आहे, काका?

योएझर: बोलत राहा, लेकरा. बोलत राहा.

फिनहास: काका, आवाज थांबला.

योएझर: श्वास घेतोय तो.

फिनहास: श्वासाला इतका वेळ? मला बाकीच्या कारभाऱ्यांना कळवावं लागेल.

योएझर: हिल्कीया! निघताना काय सांगितलं होतं रे तिनं तुला?

हिल्कीया: अडखळू नका. अडखळू नका, म्हणाली. बोलतोय मी. बोलतोय. गेली ना ती? तुम्ही सांगितलं नाहीत, पण गेली. तिसरी टोपली घेतली. चार वर्षांची असताना हौदात पडली होती. बाहेर काढली तर म्हणते, मी पडले नाही, पाणीच वर आलं. चोरून जैतून खायची आणि बिया माझ्या वहाणेत लपवायची. रोज माझ्या पायाला टोचायच्या, रोज मी नवल केल्यासारखं ओरडायचो. फिनहास, रडलेलं चालतं का रे? नियमात आहे का काही?

फिनहास: चालतं. नाणं धरून रडताही येत नाही. रडा तुम्ही, दादा.

हिल्कीया: कालच म्हणाली, मुलगा झाला तर आजोबांचं नाव ठेवायचं. माझ्या बाबांचं. लोक खोकले तर खोकू देत, म्हणाली. भरली तिसरी. निघालो. हा उंबरा. ही पायरी. आलो बाहेर.

फिनहास: काका, आज झडती राहू दे.

योएझर: राहू दे? मुळीच नाही. केस बघ, बाह्या बघ, तोंड बघ. मोठा झाल्यावर त्या पोराच्या पाठीमागं कुणी खोकायला नको.

फिनहास: दादा, आ करा. काही नाही. काही नाही हो, काका. मी बघितलं, मी सांगेन सगळ्यांना.

हिल्कीया: काका, आता गप्प राहू का?

योएझर: राहा, राहा, राहा.