टिग्गाक यांच्या गाडीचा टाय रॉड काढून घेतल्याबाबत

मी, जेपेती इल्लाउक, वय ४९ वर्षे, व्यवसाय शिकार व गाड्यांची दुरुस्ती, शिक्षण गावच्या शाळेत सहावीपर्यंत, राहणार इकालुलिक, नुनावुत, कॅनडा, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, मला कोणी बोलावलेले नाही, मी आपण होऊन आलो आहे. मी माझ्या भाषेत बोलत असून दुभाषी लीटियाबाई ते साहेबांना सांगत आहेत.

सोमवारी सकाळी प्रार्थना आटोपून मी घरामागच्या शेडमध्ये गेलो. चहाचा मग हातात होता. तेवढ्यात टिग्गाक आपली स्नोमोबाइल घेऊन आले. गाडी वळताना तिची पुढची डावी स्की उजवीपेक्षा उशिरा वळत होती, हे मी दारातूनच पाहिले.

टिग्गाक यांचे वय २७ आहे. ते माझ्या चुलत बहिणीचे चिरंजीव. माझे वडीलही टिग्गाक. ते गेले त्याच वसंतात यांचा जन्म झाला आणि वडिलांचे नाव यांना मिळाले. म्हणून मी यांना बाबा म्हणतो आणि हे मला लेका म्हणतात. लीटियाबाईंना हे सांगावे लागत नाही, पण साहेब दक्षिणेकडून आलेले आहेत, तेव्हा लिहून घ्यावे. ज्याच्यात आपल्या माणसाचे नाव आले त्याचा शब्द मोडायचा नाही. त्याचे मन दुखावले तर नाव रुसून निघून जाते, आणि नाव गेलेला माणूस फार काळ राहत नाही, असे आमची म्हातारी माणसे सांगत आली. मी देवाला मानतो. हेही मानतो.

टिग्गाक मला म्हणाले, "काय लेका, अजून चहाच चाललाय? तुझ्या वयाचा होतो तेव्हा एव्हाना दोन सील सोलून व्हायचे माझे."

मी म्हणालो, "बाबा, तुम्ही माझ्या वयाचे होता तेव्हा मी तुमचे बूट वाळवत बसलेलो असायचो."

ते हसले. म्हणाले, "हँडल सैल वाटतंय. आवळून दे जरा. शुक्रवारी समुद्रावरचा बर्फ संपतो तिथे शिकारीला निघायचंय. रूता येतेय, आईपण येतेय."

रूता त्यांची पत्नी. आई म्हणजे त्यांची मुलगी, वय ४ वर्षे. तिच्यात माझ्या आईचे नाव आहे, म्हणून तिला आम्ही दोघेही आई म्हणतो, ती आमच्यावर ओरडतेही तशीच.

मी गाडीचा पुढचा भाग उचलून लाकडी खोक्यावर टेकवला. टिग्गाक यांना हँडल घट्ट धरायला सांगितले आणि स्कीचे टोक धरून हलवले. हँडल जागचे हलले नाही, पण टोक हाताच्या रुंदीएवढे इकडून तिकडे गेले. दोन्ही स्कींच्या पायातले बुश, म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या कड्या, झिजून अंड्यासारखे लांबट झाले होते. हँडलच्या दांड्याखालच्या बुशाचा चुरा झाला होता, बोट घातल्यावर भुकटी हाताला लागली. ते सगळे करता येण्यासारखे होते. पण हँडलचे वळण स्कीपर्यंत नेणाऱ्या डाव्या टाय रॉडच्या टोकाचा गोळा त्याच्या वाटीत मोकळा फिरत होता. मी अंगठ्याने दाबला तर तो अर्धा बाहेर आला.

मी म्हणालो, "बाबा, हा गोळा निसटला तर हँडल एकीकडे आणि स्की भलतीकडे जाईल."

ते म्हणाले, "मग निसटू देऊ नकोस. तुला कशाला शिकवलं मी?"

मला त्यांनी शिकवले नाही. मी त्यांना शिकवले, ते बारा वर्षांचे असताना, याच शेडमध्ये. पण तसे मी म्हणालो नाही.

बुश मी घरीच केले. गाडीमागे ओढायच्या स्लेजच्या पट्ट्यांना खालून ठोकतो त्या पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा उरला होता. त्याचे गोल कापून, भोक पाडून, कानसून बसवले. नवे बुश बसल्यावर बाकी सगळे घट्ट झाले आणि त्या एका गोळ्याचे हलणे जास्तच दिसू लागले. तसा गोळा गावात कोणाकडे नाही. दुकानाने मागवलेला आहे, पण धुक्यामुळे विमान वरूनच परत गेले.

मी टिग्गाक यांना म्हणालो, "माझी गाडी न्या."

ते म्हणाले, "तुझी गाडी? तिचा आवाज ऐकून सील शेजारच्या गावाला राहायला जातात. तार गुंडाळ त्याला. आपण काय पाहुणे आहोत, दुसऱ्याच्या गाडीवर बसून शिकारीला जायला?"

मी विचारले, "मग जमिनीवरून तरी जाल ना? लांबच्या वाटेनं?"

ते म्हणाले, "तिथला बर्फ वितळून दगड वर आलेत. कड्याखालून जाईन."

कड्याखालची वाट म्हणजे कड्याच्या पायाला चिकटून राहिलेली बर्फाची पट्टी. मे महिन्यात ती एका स्लेजपुरती उरते. एका अंगाला दगड आणि दुसऱ्या अंगाला उघडे पाणी. पाण्याला ओढ आहे. माझे वडील तिथेच गेले. त्यांचा एक हातमोजा बर्फावर सापडला. दुसरे काही मिळाले नाही.

टिग्गाक माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "घाबरतोस काय, लेका? ती वाट मला पाठ आहे. एकदा जाऊन आलोय की मी."

ते हसत होते. ही थट्टा ते लहानपणापासून करतात. मला त्या वेळी शेडमध्ये गार वाटले, स्टोव्ह पेटलेला असून.

साहेबांनी विचारले की, तुम्ही त्यांना सरळ नाही का म्हणाला नाहीत. त्यावर सांगतो की, आमच्यात भुवया उंचावल्या म्हणजे हो आणि नाक आक्रसले म्हणजे नाही. बोलावे लागत नाही. टिग्गाक यांनी मला विचारले, "तार लावलीस की चालेल ना?" मी भुवया उंचावल्या नाहीत. नाकही आक्रसले नाही. वडिलांपुढे मी तोवर कधीच नाक आक्रसलेले नव्हते, पहिल्या वडिलांपुढेही आणि यांच्यापुढेही. मी पान्याकडे बघत राहिलो. ते म्हणाले, "मग झालं तर."

मी तार गुंडाळली. घट्ट गुंडाळली. तार त्या कामाची नाही हे मला माहीत होते.

बुधवारी टिग्गाक खाडीच्या बर्फावर गाडी पळवून बघत होते. मी काठावर उभा होतो. गावातले अमोसी कुनुक हेही तिथे होते. सरळ जाताना गाडी आपोआप डावीकडे उडी घ्यायची, टिग्गाक तिला ओढून परत आणायचे. अमोसी ओरडले, "अरे, ती तुला कुठेतरी घेऊन चाललीये! तिला विचार तरी, कुठं जायचंय?" टिग्गाक यांनी उलट ओरडून सांगितले, "तुझ्या बायकोकडे!" दोघांची त्यावरून थोडी बोलाचाली झाली. तेवढेच. मी हसलो नाही. डावीकडे म्हणजे जाताना कड्याखाली पाण्याची बाजू.

त्या दिवशी दुपारी चर्च उघडून मी एकटा बसलो. मी रविवारी तिथे पाठ वाचतो. आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख, ही आज्ञा मी अनेकदा वाचून दाखवली आहे. तिथे बसून मी फक्त एवढेच विचारले की, मान राखणे म्हणजे काय. उत्तर आले असे मी म्हणणार नाही. घरी आलो तेव्हा माझ्या पायऱ्यांवर आई बसली होती. तिने मला नवे बूट दाखवले. म्हणाली, "जेपेती, मी कड्याखालून जाणारेय. तू रडू नकोस हं." मी रडत नव्हतो. तिने असे का म्हटले, ते मला माहीत नाही. माझे वडील तिथे गेल्याचे तिला कोणी सांगितलेले नाही, असे रूताचे म्हणणे आहे.

गुरुवारी सकाळी टिग्गाक यांच्या घरातली सगळी माणसे त्या मुलीच्या आजीकडे कच्चे मांस खायला गेली होती. मलाही बोलावणे होते. मी त्यांच्या अंगणात गेलो, गाडीचे झाकण उघडले, तार कापली, दोन्हीकडचे नट सोडवले आणि डावा टाय रॉड काढून घेतला. नट बर्फात हरवू नयेत म्हणून सीटवर ठेवले. रॉड अंगरख्याखाली धरून घरी आणला. रस्त्यात मला कोणी पाहिले नाही. कोणी पाहिले असते तरी मी पळालो नसतो. शेडमध्ये मी तो शिकंज्यात धरला आणि करवतीने मधोमध कापला. कापलेली बाजू वाकडी आली आहे.

आज शुक्रवारी सकाळी टिग्गाक यांनी ठाण्यात तक्रार दिली आणि अमोसी यांच्यावर संशय घेतला, असे मला नंतर कळले. अमोसी यांचा यात काहीही संबंध नाही. ते तोंडाचे फटकळ आहेत, पण दुसऱ्याच्या गाडीला हात लावणारे नाहीत. त्यांना यातून सोडून द्यावे.

तक्रार देऊन टिग्गाक सरळ माझ्या शेडमध्ये आले. त्यांच्यामागे आई होती. पलीकडे त्यांच्या अंगणात स्लेज भरून तयार होती, रूता खोक्याच्या दोऱ्या आवळत होती.

ते म्हणाले, "लेका, अमोश्यानं रॉड पळवला. कसाही कर, पण मला एक रॉड करून दे. आत्ता."

मी फडके उलगडून दोन्ही तुकडे बाकावर ठेवले.

त्यांनी ते पाहिले. मग विचारले, "हे तू केलंस?"

मी भुवया उंचावल्या.

ते म्हणाले, "तुझ्याकडे वेल्डिंगचं यंत्र आहे. जोड." आवाज चढलेला नव्हता. माझे वडील रागावले की त्यांचाही आवाज चढत नसे. मला भीती वाटली. पाण्याची वाटते तशी नव्हे, लहानपणी वाटायची तशी. नाव आत्ता, या क्षणी, यांच्यातून निघून गेले तर ते मला दिसेल का, असे मनात आले. ते म्हणाले, "मी सांगतोय ना? बाप सांगतोय तुझा. जोडतोस की नाही?"

आई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

मी त्यांच्या तोंडाकडे बघून नाक आक्रसले.

टिग्गाक आईला उचलून घेऊन बाहेर गेले. ते गाडीशी थांबले की घरात गेले, हे मी पाहिलेले नाही. मी तुकडे परत फडक्यात बांधले आणि इकडे आलो. येताना स्लेज जागेवरच होती. फडके साहेबांच्या टेबलावर आहे. माझी गाडी व तिची किल्ली मी त्यांच्या दारात ठेवली आहे, लांबच्या वाटेने जायचे असेल तर न्यावी. कायद्याने जे होईल ते मला मान्य आहे. नवा गोळा विमानाने येईपर्यंत त्या रॉडचे तुकडे मी किंवा दुसऱ्या कोणी जोडू नयेत, एवढी विनंती आहे.

हे सर्व लीटियाबाईंनी मला माझ्या भाषेत वाचून दाखवले. एके ठिकाणी "चोरला" असे लिहिले होते, ते मी "काढून घेतला" असे करायला सांगितले. साहेबांनी "नाक आक्रसले" याचे काय लिहायचे असे विचारले, तेव्हा मी सांगितले की, त्याचा अर्थ, वडिलांना नाही म्हणालो, असे शेवटी लिहावे. तसे लिहिले आहे. ते खरे आहे.