दोन्ही हातांनी

(किटवेजवळच्या खाणवस्तीतलं मैदान. बारा वर्षांखालच्या मुलांचा सामना थांबलाय. रेफरी ब्वाल्या धावत कडेच्या रेषेवर, लाइन्समन कालुबापाशी आलीये.)

ब्वाल्या : धोंडा लागला का तुम्हाला?

कालुबा : टोपी घेऊन गेला. डोकं आहे जागेवर. पण लुबुतोच्या आई, प्रेक्षकांतल्या त्या कापेम्ब्वाच्या हातात आता दुसरा धोंडा आहे.

ब्वाल्या : मैदानात मला रेफरी म्हणा हो. त्यांच्या कोचला सांगितलंत ना, याला बाहेर काढा म्हणून? प्रेक्षकांशी आपण थेट बोलायचं नसतं.

कालुबा : दोनदा सांगितलं. कोच पडला त्याचा मेहुणा. पाण्याच्या डब्यांमागे जाऊन उभा राहिलाय.

ब्वाल्या : मग सामना बंद. नियमच आहे तसा.

कालुबा : करा बंद. आधीच पेनल्टी दिलीत, आणि गोलात उभा आहे तो कापेम्ब्वाचाच लेक. आता खेळ थांबवलात की दोन्हीकडची माणसं आत घुसणार. त्या चेंगराचेंगरीत तुमची आई आहे, लेकराला घेऊन.

ब्वाल्या : आई आंब्याखाली बसलीये. हलू नकोस म्हणून बजावलंय मी तिला.

कालुबा : आंब्याखाली नुसती टोपली दिसतेय.

ब्वाल्या : म्हणजे? कालुबा, कुठंय माझं बाळ?

कालुबा : कापेम्ब्वासमोर. तुमच्या आई लेकराला पाठीशी बांधलेल्या चितेंगे-कापडाची गाठ सोडतायत.

ब्वाल्या : का पण? आई! आई, इकडे ये!

कालुबा : दिलं त्याच्याकडे.

ब्वाल्या : काय दिलं?

कालुबा : लेकरू. ओरडू नका. पळू नका तिकडे, बिथरेल तो.

आई : अगं, केवढ्यानं हाक मारतेस! आले ना.

ब्वाल्या : माझं बाळ त्या माणसाला दिलंस तू?

आई : म्हटलं, धर रे जरा, गुडघे गेलेत माझे. नाही कोण म्हणतं? आणि लेकरू एका हातानं कुणी घेत नाही. बघ, धोंडा पायाशी पडलाय.

ब्वाल्या : जा, घेऊन ये. आत्ताच्या आत्ता.

आई : काढून घेतलं की त्याचे हात पुन्हा रिकामे.

ब्वाल्या : पण पेनल्टी बाकी आहे, आई! गोल झाला म्हणजे?

आई : चुकीची दिलीस का?

ब्वाल्या : नाही. ढकललंच त्या पोरानं.

आई : मग वाजव शिट्टी.

ब्वाल्या : आणि त्यानं बाळाला काही केलं तर?

आई : मी जाते ना त्याच्याजवळ. मलाही भीती वाटतेय गं. म्हणून तर लवकर वाजव म्हणते.

ब्वाल्या : कालुबा, मी तिकडे बघणार नाही. बघितलं तर शिट्टी वाजवली जायची नाही माझ्याच्यानं. तुम्ही नजर हलवू नका.

कालुबा : नाही हलवत. वाजवा... आला तो पोरगा धावत... मारली... गोल!

ब्वाल्या : बोला ना! काय करतोय तो?

कालुबा : तोंड उघडलं त्यानं.

ब्वाल्या : आणि?

कालुबा : मिटलं परत.

ब्वाल्या : का? काय झालं माझ्या बाळाला?

कालुबा : झोपलंय, रेफरी.