कोंबडा कोण धरणार?

तारीख सतरा मार्च, रविवार. सकाळी सातलाच कडकडीत ऊन, उसाचं पान हलत नव्हतं... आणि घरातला एकुलता एक पंखा कुणाला लावलाय? कोंबड्याला! परीक्षा नवरा-बायकोची आणि वारा खातोय कोंबडा!

हसू नका. तुम्हाला सांगते, माझा भाऊ दुलो, मला ‘माना’ म्हणतो, म्हणजे ताई, वय एक्केचाळीस, मिशीत पांढरे केस, तीन पोरांचा बाप, शाळा सुटली सहावीत... आणि आमची नानाय, म्हणजे आई, अजून त्याला ‘तोतो’ म्हणते. बाळ्या! मी म्हटलं, "नानाय, परीक्षा त्याची आहे, पंखा त्याच्याकडे वळव." तर म्हणते, "असू दे गं, जीव आहे त्याचा कोंबड्यावर. मुलगाच तो!"

मुलगाच तो! हे ऐकता ऐकता माझे गुडघे गेले. आम्ही बहिणी अंधारात पाणी भरून, भांडी घासून, भातात मीठ घालून खाऊन शाळेला चालत निघायचो, आणि हा पसरलेला. का? मुलगाच तो, झोपू दे. गृहपाठ केला नाही? मुलगाच तो, खेळू दे. बाईंनी नापास केलं तर नानाय टोपलीभर अंडी घेऊन बाईंच्या दारात! आणि बाईसुद्धा... घेतली की हो अंडी! ढकलला पुढे. ढकलत ढकलत सहावीपर्यंत आला, आणि तिथे अंडी संपली.

बरं, आता सगळ्यांना एकदम काळजी लागलीय. मुलगे मागे का पडतात, यावर आमच्या शाळेत सभा झाली. फलक लावला, बिस्किटं ठेवली, जिल्ह्याहून साहेब आले, घसा साफ करून म्हणाले, "वडिलांनी लक्ष घातलं पाहिजे." समोर बसलेल्या सगळ्या आया! बाप एकच आलेला, तोही माईक लावायला. लावला आणि गेला, कारण बास्केटबॉलची मॅच होती.

आणि हे लोक मठ्ठ आहेत असं समजू नका हं! मठ्ठ असते तर मी गप्प बसले असते. दुलोला कोंबड्याच्या पणज्याचं नाव पाठ, कुठल्या गावच्या कोंबडीचा, कुठल्या झुंजीत डावा डोळा गेला, सगळं तोंडपाठ... आणि नऊचा पाढा आला की घाम! पहाटे चारला कोण उठतं? दुलो. कोंबड्याचे पाय चोळायला. स्वतःच्या थोरल्याने आठवीतून शाळा सोडली, तेव्हा हा माणूस काय म्हणाला असेल? "मी कुठे शिकलो? माझं काय अडलं?" काय अडलं! बसलीय समोर अडलेली, तुझी बायको!

तिची गोष्ट ऐका. साल्बा, माझी भावजय. तीही सहावीचीच, भावंडं सांभाळायला घरी बसवलेली. घर चालतं तीन चाकी रिक्षावर. रिक्षा दुलोच्या नावावर, पण कोंबड्यांचा मोसम आला की चालवते साल्बा, परवानासुद्धा काढलाय तिने. एवढ्यात भागेना, म्हणून कुवेतला मोलकरीण म्हणून जायचं ठरलं, पासपोर्ट एजंटाकडे. धाकटी चार वर्षांची, रात्री आईच्या पदराला... पदर कुठला, टी-शर्टाला गाठ मारून झोपते, आई निसटू नये म्हणून! तेवढ्यात नगरपालिकेने रुग्णवाहिकेवर कायमचा चालक हवा म्हणून पाटी लावली. अट एकच, दहावीच्या बरोबरीचा दाखला. शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांची सरकारी परीक्षा असते ना, ती पास व्हायची. साल्बा दुलोला म्हणाली, "तू पास हो, नोकरी घे, मी जात नाही. तुला एकट्याला लाज वाटत असेल तर मीही बसते." वर्षभर जेवणं उरकून दोघं वर्गाला गेली. म्हणजे ती गेली. हा अधूनमधून.

तर सतरा मार्च. साल्बा रिक्षा चालवतेय, मागे मी आणि नानाय, आणि दुलोच्या मांडीवर... कोंबडा! दुपारी झुंज होती ना.

"अरे, घरी ठेवायचास!"

"माना, झुंजीच्या दिवशी त्याला एकटा ठेवत नाहीत. खचतो."

खचतो! इकडे बायको कुवेतला चाललीय, ती नाही खचत!

परीक्षेच्या शाळेच्या फाटकावर त्यांचा वर्ग घेणाऱ्या मॅम उभ्या. म्हणाल्या, "कोंबडा आत येणार नाही." बरोबर आहे, कोंबड्याने कुठे फॉर्म भरलाय? मी हात पुढे केले. "दे इकडे, मी धरते." दुलो असा मागे सरकला जसा मी विस्तवच आणलाय! "तू बाई आहेस, माना! झुंजीच्या दिवशी बाईचा हात लागला की कोंबडा हरतो!" नानाय म्हणाली, "मी धरते रे तोतो." तर म्हणतो, "तूपण बाईच ना गं!" जन्मात पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं!

"मग पुरुष शोध," मी म्हटलं. शोधतो कशाला, होते की! वर्गातले बाकीचे चार पुरुष चिंचेखाली उभे... आणि प्रत्येकाच्या काखेत एकेक कोंबडा!

आता बघा हं या डोक्यांचं काम. दुलो पेपेतला म्हणतो, "पारे, दोस्ता, माझा धर, मी पेपर देऊन येतो." पेपेत म्हणतो, "आणि माझा कोण धरणार? दोन एकत्र आले तर इथेच जुंपतील." एन्तोय म्हणतो, "एकाने परीक्षा सोडायची, म्हणजे चौघं..." पण मग पाच कोंबडे एका माणसाजवळ! फाटकावरच्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "माझा घरी आहे, मला दुसऱ्याच्या कोंबड्याला हात लावता येत नाही." पाच मोठी माणसं गोल करून उभी, गंभीर चेहरे, जसं काही पूल कुठे बांधायचा ते ठरवतायत!

साल्बा फाटकातून ओरडली, "दुलो, सोड त्याला! धाकटीसाठी तरी ये!"

दुलोने तिच्याकडे बघितलं. खरंच बघितलं हो, डोळे भरले त्याचे. मग कोंबड्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "तू हो पुढे. मी काहीतरी करतो."

घंटा झाली. फाटक लागलं. साल्बा एकदाही मागे न बघता आत गेली. पाच जण पाच मिनिटं हळहळले, मग पेपेत म्हणाला, "आता आलोच आहोत बाहेर, तर लवकर जाऊन जागा धरू." आणि गेले... आमचीच रिक्षा घेऊन!

मी नानायकडे वळले. म्हटलं, बोल आता. तिने पदराने... रुमालाने तोंड पुसलं, आणि म्हणते काय, "मॅमनी तरी धरायचा होता थोडा वेळ. मुलगाच तो!"

"मॅम बाई आहेत, नानाय!"

"हो गं. तेही खरंच."

मी चिंचेखाली बसले. भिंतीशी बोलले असते तर चुन्याने तरी मान डोलावली असती.

दुपारी झुंजीत दुलोचा कोंबडा पहिल्याच झडपेत मेला, आणि रिवाजाप्रमाणे जिंकणाऱ्याने शिजवायला नेला. परीक्षेचा निकाल जूनमध्ये लागला. बसलेल्या सगळ्या बायका उत्तीर्ण, पाच पुरुष गैरहजर. एक जुलैपासून रुग्णवाहिका साल्बा चालवते. पासपोर्ट एजंटाकडून परत आणला. दुलोने नवीन पिल्लू घेतलं आहे.