एक नंबरच्या पाहुण्यांना टेबलक्लॉथच्या खोलीत कोंडल्याबाबत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय ४६ वर्षे, धंदा मोठ्या लोकांच्या खासगी मेजवान्या ठरवून देण्याचा, राहणार बस आगारामागची इमारत, दुसरा मजला, आज सकाळी साडेदहा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्या प्रश्नांना उत्तर म्हणून सांगते ते असे:

मी वरील पत्त्यावर पती आणि दोन मुलींसह राहते. वरच्या मजल्यावर माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, राहतात. भावोजींचे वय ६३. ते चौतीस वर्षे बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर घरात बसून ताईचे डोके खात होते, म्हणून दीड वर्षापूर्वी मीच त्यांना ओढून माझ्या कामाला आणले आणि दारावर उभे केले. ताईने तसे सांगितले नव्हते. सध्या ताई माझ्याशी बोलत नाही.

माझ्याकडे मुख्य विचारणा आहे ती खोलीची कडी बाहेरून कोणी घातली याची. या प्रकरणात भावोजींना कालपासून इथे बसवून ठेवले आहे आणि कडीवरून त्यांच्यावर गुन्हा दाखल होणार असे मला सांगण्यात आले आहे. कडीचे मी पुढे सांगते. आधी आमच्या कामाची पद्धत सांगणे जरूर आहे.

आमच्या याद्यांत नावे नसतात, नंबर असतात. एक नंबर म्हणजे ज्यांच्यासाठी मेजवानी आहे ते. पाहुण्यांचे फोटो आम्ही आमच्या माणसांना दाखवत नाही, कारण फोटो फुटतात. कार्ड सगळ्यांना जाते, पण कार्ड सोबत घेऊन येतात ते दहा नंबरच्या पुढचे. खरा मोठा माणूस खिशात काही ठेवत नाही आणि दारात थांबत नाही. म्हणून दारावरचा नियम असा की, जो कार्ड न दाखवता कपाळाला आठ्या घालून सरळ चालत येईल, त्याला वाकून आत सोडायचे. जो कार्ड पुढे करून गोड बोलेल, त्याचा मोबाइल ठेवून घ्यायचा आणि त्याला बाजूच्या खोलीत बसवून खात्री करायची. फुकट जेवायला येणारे लोक कार्ड छापून आणतात आणि फार नम्र असतात, हा माझा अकरा वर्षांचा अनुभव आहे. नियम माझा आहे आणि मला त्याचा अभिमान होता. अभिमान जबाबात लागत नाही असे हवालदारसाहेब म्हणाले. तरी होता.

भावोजींना हा नियम पचायला सहा महिने गेले. ते म्हणत, "अगं, कार्ड आहे त्याला धरायचं आणि नाही त्याला सलाम ठोकायचा? हे कुठलं शास्त्र?" पहिल्याच कार्यक्रमात त्यांनी एका कारखानदाराला "पुढे सरका, कार्ड हातात ठेवा" असे सांगितले होते. तेव्हा मी त्यांना चार लोकांत बोलले. मी म्हणाले, "भावोजी, ही बस नाही. इथे माणूस बघून वागायचं असतं." घरी जाऊन त्यांनी माझ्या धाकटीच्या वहीतल्या कागदावर नियम उतरवून घेतला आणि पाठ केला. तो कागद पोलिसांनी त्यांच्या खिशातून जप्त केला आहे.

मागच्या गुरुवारी दुपारी साडेबारा वाजता एका बाईंच्या बंगल्यावर मेजवानी होती. याच बाई या प्रकरणात फिर्यादी आहेत. पाहुणे चोवीस. तयारीला तीन महिने लागले. दोन पाहुण्यांच्या गाड्या एकाच वेळी दारात येऊ नयेत, कारण आधी कोण उतरले यावरून पुढे वर्षभर अबोला धरला जातो, अशी बाईंची सूचना होती. पिण्याचे पाणी चार प्रकारचे होते. मी चारही पिऊन पाहिले, फरक कळला नाही, पण मोठ्या लोकांना नाकारायला काही तरी हवे असते. सगळ्या खुर्च्या सारख्या दिसाव्यात आणि एक नंबरची मात्र दोन बोटे उंच असावी, हेही बाईंनीच सांगितले. सुताराने तिच्या पायांखाली लाकडाचे तुकडे बसवले आणि वर गालिचा टाकला.

एक नंबरना बाईंनी कधी पाहिले नव्हते. सगळे बोलणे त्यांच्या सचिवांमार्फत झाले होते. सकाळी बाईंनी मला विचारले, "तुम्ही ओळखता ना त्यांना?" मी म्हणाले, "म्हणजे काय!" मी ओळखत नव्हते. बाई ओळखत असतील असे मी धरून चालले होते आणि मी ओळखते असे त्यांनी. मोठ्या माणसाचा चेहरा कसा आहे असे विचारणे आमच्या धंद्यात बरे दिसत नाही.

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी एक गृहस्थ पायी आले. साधा शर्ट, हातात कार्ड, वर ओळखपत्रही. "जरा लवकर आलो का हो मी?" असे त्यांनी भावोजींना विचारले. भावोजींनी नियमाप्रमाणे त्यांचा मोबाइल ठेवून घेतला आणि त्यांना बंगल्याच्या बाजूच्या, टेबलक्लॉथ आणि नॅपकिन ठेवतात त्या खोलीत बसवले. मग मला बोलावले. मी दारातून पाहिले. ते गृहस्थ मला बघून उठून उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला. माझी खात्री पटली की हा माणूस फुकट्या आहे. खोलीला बाहेरून कडी घालण्यात आली.

बारा चाळीसला दुसरे एक गृहस्थ आले. पायात घरातल्या चपला, शर्टाची बटणे उघडी, कार्ड नाही. ते दारातूनच ओरडले, "कोण आहे इथला मालक? बोलवा आधी त्याला!" भावोजी वाकले. मी स्वतः पुढे होऊन त्यांना उंच खुर्चीकडे नेले. तेवीस पाहुणे उभे राहिले. ते गृहस्थ मागच्या घरात राहतात आणि आमच्या गाड्यांनी त्यांचे फाटक अडले म्हणून भांडायला आले होते, हे मला नंतर कळले.

ते म्हणाले, "सकाळपासून वाट अडवून बसलात. माणसानं जायचं कुठून?" मग सहा नंबरचे पाहुणे हळू आवाजात म्हणाले, "किती खरं आहे." त्यावर टाळ्या झाल्या. नऊ नंबरच्या बाईंनी डोळे पुसले. तीन पाहुण्यांनी त्यांच्याशी आपली जुनी मैत्री असल्याचे सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. शेजाऱ्यांनी नाही म्हटले नाही, कारण त्यांना तोंड उघडू दिले गेले नाही. मग जेवण आले आणि त्यांनी वाद सोडला. अडीच वाजता ते भेट म्हणून दिलेली चांदीची पेटी घेऊन निघाले. फाटक तेव्हाही अडलेलेच होते.

पावणेतीनला सचिवांचा फोन आला. साहेब साडेबारापासून तुमच्याकडे आहेत, फोन उचलत नाहीत, त्यांना पुढे जायचे आहे, असे ते म्हणाले. मी धावत टेबलक्लॉथच्या खोलीकडे गेले. आत ते पायी आलेले गृहस्थ बसले होते आणि त्यांनी साठ नॅपकिन घड्या घालून ठेवले होते. खोलीच्या खिडकीला गज आहेत. त्यांतून भावोजींनी त्यांना पाणी दिले होते आणि स्वतःच्या डब्यातले जेवणही. भावोजी त्या दिवशी अर्धपोटी होते. साहेब मला म्हणाले, "जेवण फार छान होतं. कुणी केलंय?" ते ताईने केले होते. मी तसे सांगितले नाही. मी माफी मागत राहिले आणि ते मोबाइल घेऊन निघून गेले. त्यांची स्वतःची तक्रार नाही.

तक्रार बाईंची आहे. त्यांच्याकडे एक नंबर कोंडले गेले आणि शेजारी जेवून गेला, ही गोष्ट चोवीस तासांत सगळीकडे झाली. शनिवारी बाईंनी भावोजींच्या नावाने फिर्याद दिली. माझे नाव त्यात नाही.

आज मी इथे आले तेव्हा बाईंकडचे एक गृहस्थ आधीच येऊन बसले होते. त्यांनी माझ्या हातात टाइप केलेला कागद दिला. त्यावर लिहिले होते की दारावरच्या माणसाने कडी स्वतःच्या मनाने घातली आणि मला त्याची कल्पना नव्हती. ते म्हणाले, "मॅडम, खाली फक्त सही करा. म्हातारा माणूस आहे, त्याला समज देऊन सोडतील. आणि पुढच्या महिन्यात बाईंकडे दोन कार्यक्रम आहेत, ते तुम्हालाच." हे गृहस्थ सरळ आत आले होते. त्यांना कोणी नाव विचारले नाही, खुर्ची दिली, चहा दिला. भावोजींना कालपासून तीन वेळा ओळखपत्र मागितले आहे आणि ते बाकावर आहेत. हे वाक्य लिहिण्याची गरज नाही असे हवालदारसाहेबांचे म्हणणे पडले. ते लिहावे अशी माझी विनंती आहे.

समज देऊन सोडतील असे मला हवालदारसाहेबांनी सांगितलेले नाही. मी त्यांना विचारले तेव्हा ते पंख्याकडे बघू लागले.

आता कडीचे. वर मी 'कडी घालण्यात आली' असे सांगितले. ती मी घातली. माझ्या हाताने. भावोजी तेव्हा म्हणाले होते, "माणूस सज्जन वाटतो गं. कडी कशाला?" मी त्यांना म्हणाले, "तुम्ही दार बघा, माणसं मी ओळखते." कडी गंजलेली होती आणि बसत नव्हती, म्हणून मी ती चपलेने ठोकली.

कडी आपणच घातली असे भावोजींनी काल तुम्हाला लिहून दिल्याचे मला समजले. ते खोटे आहे. मी आत्ता बाकाशी जाऊन त्यांना त्याबद्दल विचारले. ते म्हणाले, "तुझ्या पोरी अजून शिकताहेत. मी काय, चौतीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्यात, त्यात आणखी एक." असे बोलून ते दुसरीकडे बघत बसले. मला त्यांचा राग आला आणि माझीच लाज वाटली. हे दोन्ही लिहावे.

टाइप केलेला कागद सही न करता सोबत जोडला आहे.

माझा हा जबाब मोठ्याने, बाकापर्यंत ऐकू जाईल असा वाचावा, अशी मी विनंती केली आणि तो तसा वाचला गेला. कडीचे वाक्य आले तेव्हा भावोजी उठून उभे राहिले आणि "ती खोटं बोलतेय साहेब" असे म्हणाले. ती खोटे बोलत नाही. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, खरा आहे, म्हणून भावोजींसमोर सही करते.