मंदाबाईच्या नावेला इंजिन

तुळशीभोवती जाळी करून घ्यायला आलेली ज्योत्स्ना शिरपुरातल्या वेल्डिंगच्या दुकानात बाकावर थांबली होती. तापीवर मासे धरणारी मंदाबाई मिस्त्रीशी बोलत होती, ते तिच्या कानावर पडत होतं.

"रमजानभाऊ, नावेला इंजिन टांगायचं ब्रॅकेट आज बसवा."

"अक्का, कालच सांगितलं ना, मागची फळी कुजलीय. इंजिन सुरू केलं की फळीसकट तापीत जाईल."

"मग फळी बदला."

"तुमचे मालक, तोतारामभाऊ, काय म्हणतात?"

"त्यांचा उजवा खांदा गेला, वल्हं उचलत नाही. नाव विकू म्हणतात."

"इंजिन कोण चालवणार?"

"मी. जाळं मीच टाकते ना आता?"

"येतं चालवता?"

"तुम्ही बसवा, मी शिकते."

"सागाची जाड फळी लागेल, अक्का."

"घराचं दार चालंल? जुना साग शे."

"चालेल. पण घराला?"

"पडदा लावला."

"लावला?"

"दार बाहेर रिक्षात शे."

"तोतारामभाऊंनी काढू दिलं?"

"लई बोलले. बोलता बोलता डाव्या हातानं बिजागऱ्याही त्यांनीच काढल्या."