पांढरी पुडी

(कामरगाव, दुपारचे बारा. शफीकच्या मेडिकलवर नीलिमा आणि तिचे वडील पुंजाजी.)

नीलिमा: सकाळी आठ वाजता दादाच्या साक्षीले तुमची पुडी देल्ली, शफीकभाई. तवापासून पोरगी डोये उघडून नाही राह्यली.

शफीक: या अल्ला. कुठं हाये ती?

नीलिमा: दादा-वहिनी कारंज्याले घेऊन गेले. तिथले डॉक्टर इचारून राह्यले, पुडीत काय हाये.

शफीक: तिच्या फिटच्या झटक्याचीच गोळी. कुटून, साखरेत खलून. नेहमीसारखी.

नीलिमा: नेहमीची पिवळसर राहते. ही पांढरी काहून?

शफीक: कंपनी बदलली. हे पाहा पाकीट.

नीलिमा: पाकीट काय, कोनतंही दाखवसान.

शफीक: अब्बाच्या वक्ती अख्खं गाव याच खलातलं औषध घे. कोनी पाकीट नाही मागितलं.

नीलिमा: तवा सगळेच कुटत होते. आता तुमीच एकले काहून?

शफीक: बाकीचे तयार बाटल्या इकतेत. ह्या औषधाची बाटली इकडे येत नाही, अन् एवढ्याशा लेकराले अख्खी गोळी कशी देसान? म्हणून अकोल्याचे डॉक्टर लिहितेत, मी वाटून देतो.

नीलिमा: या खेपेले काय लिहिलं होतं?

शफीक: चिठ्ठी नव्हती. काका आले. म्हणे, डॉक्टरनं फोनवर डोस वाढवला.

पुंजाजी: हाव. म्या सांगतलं, एका पुडीत पाव गोयी.

शफीक: पौन म्हणले तुमी, काका.

पुंजाजी: पाव म्हनलं बे. च्यात बुडवून खातेत तो पाव.

शफीक: मी फिरून इचारलं, पौन ना? तुमी हाव म्हणले.

पुंजाजी: मले वाटलं, तुमच्यात पावालेच पौन म्हनत असतीन.

नीलिमा: बाबा, पौन म्हणजे पाऊण. तिप्पट.

पुंजाजी: मले काय मालूम, माय.

शफीक: आधी दादाले फोन लाव. गोळीचं नाव सांग, पावाच्या जागी पाऊण गेली म्हण. चूक माझी धरा, पण लवकर सांगा.

नीलिमा: अन् दुसरं काही नाही ना त्यात? खरं सांगा.

शफीक: साखर. बाकी काही नाही.

नीलिमा: खल धुतला होता?

शफीक: धुतो मी. रोज धुतो.

नीलिमा: ही पुडी केली त्या दिवशी?

शफीक: फोन लाव आधी, नीलिमा.

नीलिमा: दादा, ऐक. डॉक्टरले दे फोन… हाव, पाकिटावर हेच नाव हाये… पाऊण. पाव नाही, पाऊण… नाही, अजून काही असन तर मले मालूम नाही.

पुंजाजी: काय म्हनते?

नीलिमा: सलाईन लावलं. श्वास चालू हाये म्हणते. डोये अजून मिटलेलेच.